बागेची वहिवाट

महसुली दप्तराशी ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे, त्या कोणाही गृहस्थास हे ठाऊक असते की, ज्याला आपण सातबारा म्हणतो तो वस्तुतः दोन नमुन्यांचा जोड आहे. सातव्या नमुन्यात जमीन कोणाच्या नावे आहे, तिच्यावर बोजा कोणाचा आणि इतर हक्क कोणाचे याची नोंद असते, तर बाराव्यात त्या जमिनीत कोणत्या हंगामी काय पिकले याची. पहिला भाग वारस लागेपर्यंत किंवा खरेदीखत होईपर्यंत बदलत नाही. दुसरा मात्र हंगामागणिक नव्याने भरावा लागतो, आणि तो भरण्यासाठी कोणाला तरी प्रत्यक्ष बांधावर जाऊन पाहावे लागते. सार्वजनिक उद्यानांविषयी आपल्याकडे आजवर जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक सगळे सातव्या नमुन्याचे लेखन आहे: उद्यान कोणाच्या मालकीचे, कोणत्या ठरावाने झाले, कोणाच्या हस्ते खुले झाले, क्षेत्र किती आणि खर्च किती. बाराव्या नमुन्याचे रकाने कोरेच राहिले. पहाटे पाच वाजता तेथे कोण असते, दुपारी दीड वाजता कोण नसते आणि का नसते, सायंकाळी एकाच बाकावर एकामागून एक कोण कोण बसून जातात, दिवे लागल्यावर प्रथम कोण उठते, हे पाहण्यास बांधावर कोणी गेले नाही. प्रस्तुत टिपणसंग्रहाच्या तरुण संकलकांनी ते काम अंगावर घेतले आणि त्यास प्रस्तावना लिहिण्याची आज्ञा मला केली, ती मी आनंदाने शिरसावंद्य मानली आहे.

पिंपळगाव बसवंतसारख्या बाजारपेठेच्या गावी बसून शहरांतील उद्यानांविषयी लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. मुंबई–आग्रा महामार्गावर, नाशिकच्या ईशान्येस सुमारे ३० किलोमीटरांवर वसलेल्या, निफाड तालुक्यातील आमच्या या गावाची ख्याती कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांच्या उलाढालीसाठी. फुलझाडांच्या ताटव्यांसाठी त्याचे नाव कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही, आणि परवापरवापर्यंत येथे ग्रामपंचायतीचाच कारभार होता. चोहीकडे द्राक्षबागा आहेत खऱ्या, परंतु त्यांत काम असल्यावाचून कोणी पाऊल ठेवीत नाही, आणि फवारणीच्या दिवसांत तर ठेवूही नये. तरीही गाव वाढले तसे शहराचे सगळे कज्जे त्याला येऊन चिकटले. मळे बिनशेती झाले, प्लॉट पडले, आणि मोठ्या अभिन्यासात दहा टक्के जागा मोकळी सोडणे नियमानेच भाग असल्यामुळे नव्या वसाहतीगणिक एक ‘ओपन स्पेस’ नकाशावर उमटली. हे तुकडे ज्याने हिंडून पाहिले असतील, त्याला त्यांचा जन्मक्रम सांगावा लागणार नाही: आधी गाजरगवत आणि बांधकामाचा राडारोडा, मग तारेचे कुंपण, मग फलक, मग एखादे छोटेखानी मंदिर, मग कोणाच्या तरी निधीतून आलेली व्यायामाची लोखंडी साधने, आणि सर्वांच्या शेवटी, उरलीच जागा तर, झाड. संकलकांनी नाशिक, पुणे व मुंबई येथील नामांकित उद्यानांबरोबर हे अनाम तुकडेही आपल्या पाहणीत घेतले, याचे मला विशेष कौतुक वाटते. कारण मोठ्या उद्यानातील गर्दीत जे लपून जाते ते अशा जागी, जेथे येणारा कोणाचा कोण हे सर्वांस ठाऊक असते, लख्ख दिसते.

सार्वजनिक उद्यान ही संस्था आपल्याकडे फार जुनी नव्हे. पेशवाईत बागा पुष्कळ होत्या, पण त्या धन्याच्या मर्जीच्या. रयतेच्या बसण्याउठण्याच्या जागा म्हणजे देवळाचे आवार, नदीचा घाट आणि पार. पाराला फाटक नव्हते, म्हणून वेळापत्रकही नव्हते. मात्र तेथे कोणी बसावे आणि कोणी बसू नये याचे निर्बंध असे कडक की कुलपाची गरजच पडू नये, आणि ज्यांना आजही पाराच्या आठवणीने भरून येते त्यांनी, ते निर्बंध ज्यांच्यावर होते त्यांच्या घरी जाऊन, एकवार विचारपूस करावी हे बरे. विलायतेत बर्कनहेड येथे लोकांच्या पैशाने उभारलेली बाग १८४७ मध्ये खुली झाली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८६२ च्या नोव्हेंबरात, मुंबईत लेडी फ्रिअर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्सचे, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या राणीच्या बागेचे, उद्घाटन झाले, आणि १८७३ मध्ये ती म्युनिसिपालिटीच्या ताब्यात आली. या बागांमागे एक सुधारकी विचार होता. गिरणीकामगाराला मोकळी हवा आणि हिरवळ मिळाली म्हणजे तो गुत्त्याकडे कमी वळेल, सभ्य मंडळींच्या सान्निध्यात चार चांगल्या रीती शिकेल, अशी त्या काळच्या धुरीणांची कल्पना. त्या उदार विचाराबरोबरच फाटक, पहारेकरी, शिट्टी आणि नियमांचा फलक हा सरंजामही आला, आणि गेली दीडशे वर्षे हे दोघे एकाच आवारात, एकमेकांशी फारसे न बोलता, नांदत आहेत.

पहाटेचे प्रकरण या संग्रहात सर्वांत मोठे आहे. आमच्या तालुक्याचा हिवाळा अवघ्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रांतून परिचित आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाचा आकडा डिसेंबर-जानेवारीत वारंवार छापून येतो, आणि पारा फारच उतरला की द्राक्षबागाईतदार रात्र जागून बागेत शेकोट्या पेटवतात. अशा दिवसांतही कानटोपी, मफलर आणि जुना स्वेटर चढवून पहाटे पाचला बाहेर पडणारे नेमस्त लोक येथे आहेत, आणि आपण शुद्ध हवा घेत आहोत अशी त्यांची दृढ श्रद्धा आहे. वस्तुस्थिती अशी की, थंडीच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा अधिक गार होऊन खालीच बसते, वरची त्यामानाने उबदार हवा तिला चढू देत नाही, आणि शेकोट्यांचा व महामार्गावरील ट्रकांचा धूर सूर्य चांगला वर येईपर्यंत तेथेच कोंडून राहतो. सबब महामार्गालगतच्या बागेत जानेवारी महिन्यात पहाटे पाचपेक्षा सकाळी आठ-साडेआठची हवा पुष्कळदा बरी. परंतु ब्राह्ममुहूर्ताच्या माहात्म्यापुढे हवामानशास्त्राची मात्रा चालत नाही, हा अनुभव मी स्वगृहीच घेत असल्यामुळे तो वाद येथे वाढवीत नाही.

या नेमस्तांच्याही आधी, पुष्कळदा फाटक उघडण्यापूर्वी, पोलीस भरतीची मुले आलेली असतात. शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय गोळाफेक; आणि शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा जसजसा ओसरला तसतशी या पहाटेच्या धावपट्ट्यांवरील गर्दी वाढली. फक्कीने आखलेली रेघ, कुंपणाच्या खांबांना टांगलेल्या पिशव्या, एकाच्या हातात मोबाइलचे घड्याळ, आणि शेवटचा फेरा संपवून आलेल्या मुलाने धाप लागलेली असतानाच आधी आकडा विचारावा व तो ऐकून मग खाली बसावे, हे दृश्य टिपणकाराने नेमके पकडले आहे. मुलींविषयीचे एक वाक्य तर मला फारच बोलके वाटले: पहिले काही दिवस त्यांच्यासोबत बाप किंवा भाऊ मोटारसायकल घेऊन फाटकाशी उभा असतो, पुढे तो येईनासा होतो. तेवढ्या काळात त्या मुलीने ८०० मीटरांपेक्षा मोठे अंतर तोडलेले असते. भरतीच्या यादीत तिचे नाव लागो अथवा न लागो.

त्यांच्या पाठोपाठ फुलांची मंडळी. ‘फुले तोडू नयेत’ हा फलक महाराष्ट्रातील कोणत्याही बागेत आढळावा, आणि गावच्या निम्म्या देवघरांतील पूजा त्याच फलकामागच्या फुलांवर व्हावी, ही आपली जुनी रीत आहे. एका टिपणात अशा एका आजींचे चित्र आहे: हातात दुधाची धुऊन वाळवलेली पिशवी, छत्रीची मोडकी दांडी, तिच्या आकड्याने तगरीची फांदी खाली ओढायची, उमललेली तेवढी खुडायची आणि कळ्यांना हात लावायचा नाही, जास्वंदीची पाच, कण्हेरीची मूठभर, झाडाखाली सडा पडलेला असेल तर प्राजक्त ओंजळभर, आणि परत फिरताना पायवाटेवरची एखादी वाळकी काटकी उचलून कडेला टाकायची. माळी त्यांना पाहतो, आणि पाठ फिरवून नळाकडे जातो. कायद्याने ही चोरी आहे, वहिवाटीने हा हक्क आहे, आणि माळ्याने पाठ फिरविणे हा त्या दोहोंमधील, कोणत्याही कचेरीत नोंद न झालेला, करारनामा आहे. मात्र हीच फुले सायंकाळी सहा वाजता एखाद्या शाळकरी पोराने तोडली तर तोच माळी शिट्टी फुंकतो, आणि त्याच आजी पोराच्या वळणाविषयी दोन शब्द बोलतात.

सहानंतर बागेवर ज्येष्ठांचा अंमल सुरू होतो, आणि त्यातील सर्वांत मोठा आवाज हास्य क्लबांचा. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत, अंधेरीच्या लोखंडवाला वसाहतीतील एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांनिशी पहिला हास्य क्लब भरविला. प्रारंभी ही मंडळी एकमेकांना विनोद सांगून हसत. पण थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला, उरलेल्यांनी कोणाकोणाची मने दुखावू लागली, तेव्हा विनोदावाचूनच हसण्याची युक्ती निघाली, आणि ती पाहता पाहता देशोदेशी गेली. या इतिहासात मला हास्यापेक्षा घटिका महत्त्वाची वाटते. दिवाणखान्यात चार प्रतिष्ठित गृहस्थ हात उंचावून कारणावाचून खदखदू लागले तर घरचे लोक चिंतेत पडतील. भरदुपारी बागेत एकटादुकटा तसे करू लागला तर पहारेकरी त्याला बाहेर काढील. परंतु सकाळी साडेसहाला त्याच हिरवळीवर, पांढऱ्या बुटांनिशी, गोल करून केलेला तोच प्रकार आरोग्याचे लक्षण ठरतो. जागा तीच, कृती तीच. घटिका बदलली की कायदा बदलतो. संपूर्ण संग्रहाचे सूत्र मला विचाराल तर ते एवढेच आहे, आणि संकलकांनी ते कोठेही मोठ्या अक्षरांत न लिहिता टिपणांतून दिसू दिले.

नऊ ते अकरा या वेळेविषयी त्यांना फारसे सांगावयाचे नाही, आणि मलाही नाही. रबरी नळी, झाडलोट, एखादी आजारातून उठलेली व्यक्ती, एखादे शाळा बुडविलेले पोर. मग फाटकाला कुलूप.

कुलपापासून पुढे मात्र मला थांबून बोलले पाहिजे. ‘सकाळी सहा ते दहा व सायंकाळी चार ते आठ’, किंवा त्याच धर्तीचे काही, असे वेळापत्रक राज्यातील कितीतरी नगरपालिकांच्या फाटकांवर रंगविलेले आढळते, आणि दुपारची ही बंदी इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी, कधी आणि कशासाठी घातली असा प्रश्न विचारणारा मनुष्यच विक्षिप्त ठरावा. कारणे विचारली तर झाडांना पाणी देणे, साफसफाई, सेवकांची जेवणाची सुट्टी अशी सांगितली जातात. आणि अधिक खोदून विचारले तर रिकामटेकड्यांचा वावर, जोडप्यांचा उपद्रव, झोपायला येणारे लोक, ही खरी यादी बाहेर पडते. आता महाराष्ट्राच्या पठारावर चैत्र-वैशाखात दुपारी झाडाच्या सावलीची ओढ कोणाला असते? ज्याला दुपारी घर आहे, पंखा आहे, कचेरी आहे, त्याला बाग नकोच असते. तो सकाळ-संध्याकाळ येतो आणि वेळापत्रक त्याच्या सोयीने आखलेले असते. ज्याला दुपारी कोठेही जागा नाही, त्याच्याच तोंडावर कुलूप लागते.

आमच्या गावी ही गोष्ट दिसण्यास फार दूर जावे लागत नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल या डोंगरी भागांतून द्राक्षाच्या कामासाठी मजुरांच्या टोळ्या इकडे उतरतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, पुढे विरळणी, डिपिंग, आणि मालाचा खुडा. मुकादमाशी सौदा जमला तर दिवस मळ्यात जातो. ज्या दिवशी तो फिसकटतो, त्या दिवशी बायकापोरांसह, भाकरीचे गाठोडे उशाशी घेऊन, दुकानांच्या वळचणीला किंवा बसस्थानकाच्या भिंतीच्या सावलीला दुपार काढावी लागते. टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरलेल्या गाड्यांची रांग लागली म्हणजे भाव फुटेपर्यंत शेतकरी गाडीच्या चाकाशी उकिडवा बसून असतो. तालुक्याच्या कामाला, दवाखान्यात, बँकेत खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना परतीची एस.टी. मिळेपर्यंत तीन-तीन तास काढायचे असतात. झाडे आत, माणसे बाहेर, आणि मध्ये कुलूप, अशी आपली दुपारची व्यवस्था आहे.

दुपारच्या प्रकरणातील एक टिपण मी दोनदा वाचले. बागेच्या पूर्वेच्या कुंपणालगत एक जुना कडुनिंब आहे. दुपार कलेपर्यंत त्याची सावली आत, बंद बागेत, कोणाच्याही उपयोगी न पडता पडून असते. मग सूर्य पश्चिमेस झुकतो तशी ती कुंपणाखालून बाहेर सरकते आणि रस्त्याच्या कडेला येते. ती बाहेर आली की माणसे येऊन तिच्यात बसतात: चपला शिवणारा आपली ऐरण घेऊन, कॉलेजातून सुटलेल्या व पुढच्या गाडीची वाट पाहणाऱ्या दोन मुली, लिलावाला आलेल्या कोणा शेतकऱ्याचे वृद्ध वडील. सावली हातभर पुढे गेली की तेही न बोलता बुडाखालचे पोते हातभर पुढे ओढतात. चारला फाटक उघडते. तेव्हा यांपैकी कोणीही उठून आत जात नाही. मुली गाडीला गेलेल्या असतात, म्हातारबुवा गाडीवर चढलेले असतात, आणि चांभाराला विचारले तर तो म्हणतो, ‘आत काय काम आपलं?’

जोडप्यांच्या उपद्रवाचा मुद्दा टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुपारी बाग उघडी ठेवली तर तरुण-तरुणी येऊन बसतील, असा आक्षेप आहे. बसतील, दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या समाजात त्यांनी आणखी कोठे बसावे, हे आक्षेपकांनी सांगावे. राहता राहिली सुरक्षिततेची बाब. अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या ग्रंथात फिलाडेल्फियातील रिटनहाउस स्क्वेअरची दिनचर्या वर्णिली आहे: पहाटे शेजारचे रहिवासी, मग कामाला जाताना बाग ओलांडणारे, मग लहान मुलांच्या आया व खरेदीला निघालेल्या बायका, मध्यान्ही आसपासचे नोकरदार, पुन्हा मुले, पुन्हा परतणारे, रात्री तरुण मंडळी. एक गेला की दुसरा येतो, म्हणून ती बाग क्षणभरही ओस नसते, आणि ओस नसते म्हणून तेथे भीती नसते. त्याच शहरातील वॉशिंग्टन स्क्वेअरभोवती मात्र केवळ कचेऱ्या. तो जेवणाच्या सुट्टीपुरता भरे आणि बाकीच्या वेळी रिता पडे. बाईंचे म्हणणे असे की, बागेचे भवितव्य तिच्या आतल्या फुलझाडांपेक्षा तिच्या भोवतालच्या वस्तीवर ठरते. भोवती नाना प्रकारचे व्यवहार असतील तर नाना वेळांना माणसे येतील. हा दाखला आमच्या गावास लावून पाहिला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. बसस्थानक, बाजार, शाळा-कॉलेज, दवाखाने आणि घरे अगदी हाकेच्या अंतरावर असलेल्या मध्यवस्तीत, जेथे अशी बाग बारा तास भरलेली राहिली असती, तेथे मोकळी जागा जवळजवळ नाहीच. आणि जेथे दुपारी चिटपाखरू फिरकत नाही त्या कडेच्या नव्या वसाहतींत अभिन्यासाच्या नियमाने ती सक्तीने सुटलेली आहे. मुंबई महापालिकेने अलीकडे आपली उद्याने पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत सलग उघडी ठेवण्याचे धोरण स्वीकारले, हे अभिनंदनीय. पण त्या धोरणाचा खरा लाभ तेथेच, जेथे फाटकासमोरून दुपारी माणसे जातात.

सायंकाळ सर्वांच्या परिचयाची आहे. घसरगुंडीवरचे भांडण, झोक्याला लागलेली रांग, फाटकाबाहेर भेळेची गाडी, फुगे आणि भाजलेल्या शेंगा. पुण्यात पेशवे पार्कातील फुलराणी १९५६ पासून याच वेळच्या मुलांना फिरवीत आली. या आनंदाचे वर्णन पुष्कळांनी केले असल्यामुळे मी त्यात भर घालीत नाही. मात्र एका नोंदीकडे लक्ष वेधतो. बागेत आलेल्या पुरुषाला आपण का आलो हे सांगावे लागत नाही. स्त्रीच्या हाती बहुधा काहीतरी असते: मूल, भाजीची पिशवी, सासूबाईंचा हात, निदान कानाला फोन. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावराविषयी २०११ साली लिहिलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात हीच गोष्ट मांडली आहे: रस्त्यावर, बागेत स्त्रीला सतत काहीतरी कामानिमित्त आल्यासारखे दिसावे लागते, आणि निरुद्देश, निवांत, नुसते बसून राहण्याचा हक्क तिला अजून मिळावयाचा आहे. आमच्या टिपणकार मुलीने यापुढचा व्यावहारिक शोध लावला. सायंकाळी स्त्रिया बागेतून केव्हा उठतात हे ती पाहत राहिली. तिचा आधी असा तर्क होता की अंधार पडताच उठत असतील. प्रत्यक्षात त्या त्याच्या कितीतरी आधी उठतात, आणि कारण विचारता उत्तर मिळाले ते असे की, आत स्वच्छतागृह नाही, किंवा आहे पण त्याला कुलूप आहे आणि किल्ली पुरुष सेवकाकडे मागावी लागते. नगररचनेवरील जाडजूड अहवालांत हे वाक्य मला कोठे आढळले नव्हते.

मुंबईच्या शिवाजी पार्कविषयीचे प्रकरण इतरांहून वेगळे आहे, कारण तेथे फाटकाचा प्रश्नच उद्भवत नाही. दादरचे हे विस्तीर्ण मैदान १९२५ मध्ये लोकांस खुले झाले, आरंभी ते माहीम पार्क म्हणून ओळखले जाई, आणि १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या सुमारास, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास शिवछत्रपतींचे नाव मिळाले. मैदानाभोवतीचा कट्टा ही या जागेची खरी संपत्ती. न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसे कोठे बसतात हे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या विल्यम व्हाइट यांच्या हाती जो निष्कर्ष लागला, तो इतका साधा होता की तो सांगण्यास त्यांना संकोच वाटला असावा: जेथे बसावयास जागा असते तेथे माणसे बसतात. दादरकरांना हे चित्रफितीवाचून ठाऊक होते. पहाटे कट्ट्याच्या बाहेरून फिरणाऱ्यांचे फेरे, उजाडताच आत क्रिकेटची जाळी, जेथे रमाकांत आचरेकर यांनी यष्टीवर नाणे ठेवून शिष्य घडविले, दुपारभर सामने, आणि एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाला खेटून उभा. दिवेलागणीस कट्ट्यावर पेन्शनर, त्यांच्यापासून हातभर अंतर राखून महाविद्यालयीन मुले, त्यांच्यापुढे जोडपी, आणि कोणाचीही कोणाला फारशी हरकत नाही. याच जागी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या, आणि याच जागी, सभांच्या ध्वनिवर्धकांना विटलेल्या रहिवाशांच्या दाव्यावरून, मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली शांतता क्षेत्राची मर्यादा घातली व वर्षातील मोजके दिवस तेवढे वगळले. त्या निकालाविषयी दुमत आहे, आणि माझे मत रहिवाशांच्या बाजूस झुकते. तथापि एक कबूल केले पाहिजे की, ज्या मैदानाचा आवाज कोणाच्या तरी झोपेआड येतो ते मैदान अद्याप जिवंत असते.

वगळलेल्या त्या दिवसांतील एक ६ डिसेंबर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमीवर येणारे लक्षावधी लोक आदल्या दिवसांपासूनच शिवाजी पार्कवर उतरतात. मंडप पडतात, पुस्तकांची दुकाने लागतात, आणि विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेने आलेली कुटुंबे रात्री तेथेच पथारी पसरतात. एरवी रात्री बागेत निजणाऱ्याला काठीने उठविणारी आपली व्यवस्था त्या रात्री पाण्याचे टँकर, दिवे, दवाखाना व फिरती शौचालये यांची तजवीज करते, आणि मैदानाचे काही बिघडत नाही. संकलकांनी हे टिपण ‘रात्र’ या प्रकरणात अगदी शेवटी घातले आहे. मी असतो तर ते पहिले घातले असते. कारण रात्री आणि दुपारी बाग बंद ठेवण्यामागे व्यवस्थेची असमर्थता सांगितली जाते, आणि मन असले तर व्यवस्था काय करू शकते याचा हा प्रतिवर्षी मिळणारा पुरावा आहे.

संग्रहाच्या परिशिष्टात एका नमुना-ठरावाचा मसुदा जोडलेला आहे: सार्वजनिक उद्याने दुपारी खुली ठेवावीत, फाटकाशी पिण्याच्या पाण्याची सोय करावी, बाकांच्या मधल्या लोखंडी दांड्या काढाव्यात म्हणजे थकलेल्या माणसास आडवे होता येईल, आणि वेळापत्रकात बदल करण्यापूर्वी त्या त्या वेळच्या वापरणाऱ्यांना फाटकाशीच विचारावे. ज्या कोणा सदस्यास आपल्या नगरपालिकेत हा ठराव मांडण्याची बुद्धी होईल, त्यास माझ्या दोन दुरुस्त्या आहेत. स्वच्छतागृहाला कुलूप असू नये. आणि ते घालणे अगदीच अटळ असेल तर किल्ली स्त्री-सेविकेकडे असावी, तिची हजेरी सायंकाळी आठपर्यंत धरावी आणि त्या वाढीव तासांचा मेहनताना अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा. दुसरी दुरुस्ती फलकाविषयी: फुले तोडण्याच्या मनाईतून सूर्योदयापूर्वीची वेळ वगळावी, किंवा मग त्या फलकाचा रंग दरवर्षी नव्याने देण्याचा खर्च तरी वाचवावा.